आर्द्रा लागलं, रस थांबला



२८ जून हा आमच्या यांचा वाढदिवस. २०१७ साली त्या दिवशी मी रस-पुरीचा बेत केला होता. लेकाचं लग्न आदल्या डिसेंबरात झालेलं, त्यामुळे सूनबाई घरात आल्यानंतरचा हा यांचा पहिला वाढदिवस. हापूस संपून तीन आठवडे झाले होते, पण मे महिन्यातच मी रस काढून डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवला होता. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तारीख. बी.कॉम. झालेली बाई तारीख टाकल्याशिवाय डबा ठेवत नाही.

सूनबाईने सगळ्यांना रस वाढला आणि स्वतः दोडक्याच्या भाजीशी पुरी खायला बसली. मला वाटलं, गोड नको असेल. आग्रह केला, तशी अगदी हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, आद्रा बेसली ना. आता केरी बंध."

मला झोंबलं. का झोंबलं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं मी का शोधत बसले ते कळेल.

मी सांगलीची. आम्ही मराठी बोलणारे दिगंबर जैन, घरची शेती. १९८३ साली लग्न होऊन मुलुंडला आले. आमच्या इमारतीत बहुतेक घरं कच्छी आणि गुजराती जैनांची. माझ्या माहेरी चातुर्मास सोडला तर कांदा चालायचा, कृष्णाकाठची भरली वांगी तर कौतुकाने व्हायची. हे मी भाबडेपणाने शेजारच्या बांना सांगून टाकलं. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "तमे जैन छो ने?" त्यानंतर मी कांदा सोडला, वांगं सोडलं, कंदमुळं तर आधीही फारशी नव्हतीच. चौतीस वर्षं लागली मला त्या मजल्यावर 'पक्की जैन' व्हायला. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात, मीच काढलेल्या रसाने मी पुन्हा कच्ची ठरले!

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, आर्द्रा लागलं की आंब्यात जीव पडतात, रस चळतो, म्हणून बंद. त्यांच्या आजीच्या घरीही असंच होतं. एवढ्यावर माझं समाधान झालं नाही. मग पंचांग काढलं, देरासरातून पुस्तकं मागवली, मुलाकडून इंटरनेटवर शोधून घेतलं. दोन पावसाळे त्यात गेले.

आर्द्रा म्हणजे सूर्याचं नक्षत्र. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला हे नव्याने शिकायची गरज नव्हती खरं तर. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, मग पुनर्वसू. आमचे वडील पंचांगात नक्षत्राचं वाहन काय ते बघायचे, बेडूक असेल तर खूश, कोल्हा निघाला की कपाळाला आठ्या. पेरणीचा सगळा हिशोब या नक्षत्रांवर. आर्द्रा या शब्दाचा अर्थच ओली. आणि मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनच्या आसपास येतो, म्हणजे आर्द्रा लागेपर्यंत हवा पूर्ण भिजलेली असते. तिथी दरवर्षी मागे-पुढे होतात, सणांच्या तारखा सरकतात, पण आर्द्रा सूर्यावर चालतं म्हणून तारीख जवळपास ठरलेली. अगदी कायमची मात्र नाही. नक्षत्रांची ही चौकट ऋतूंच्या मानाने साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वी आर्द्रा ऋतूच्या हिशोबाने पाचेक दिवस आधी लागत असे. नियमाची तारीखसुद्धा इतकी हळू का होईना, चालत असते, हे मला फार गंमतीचं वाटलं.

श्वेतांबर परंपरेत बावीस अभक्ष्यं सांगितली आहेत. वड-पिंपळ-उंबरासारखी पाच फळं, मध, मद्य, मांस, लोणी, बर्फ, रात्रीचं जेवण, बहुबीज, अनंतकाय, कच्च्या दह्या-ताकाबरोबर डाळ म्हणजे द्विदल, वांगं, अनोळखी फळ, अशी ती यादी. त्यात एक आहे चलित रस. ज्याची चव, वास, रंग आपल्या जागेवरून हलला, ते. बाकीच्या बहुतेक गोष्टी 'काय' ते सांगतात. चलित रस मात्र 'कधी' ते विचारतो. पदार्थ तोच, काल चालत होता, आज नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्र' लिहिलं, गुजरातच्या कुमारपाळ राजासाठी. त्यात कंदमुळांइतक्याच सहजपणे दोन दिवसांहून जुनं दही आणि 'फुललेला' भात वर्ज्य सांगितला आहे. फुललेला म्हणजे बुरशी आलेला. त्या बुरशीला फूल म्हणणाऱ्या डोळ्यांचं मला कौतुक वाटलं.

आणि इथे मला माझी आई आठवली. सांगलीच्या घरात जात्याशेजारी ती बोटं मोडून म्हणायची, "सात, पाच, तीन." दळलेलं पीठ हिवाळ्यात सात दिवस, उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात तीन. त्यानंतर ते गाईच्या आंबोणात जायचं. ही आमची दिगंबरांची मर्यादा. मुलुंडला आल्यावर मी कांदा सोडला आणि पीठ आणलं पाच किलोच्या पिशवीतलं! ते महिना महिना पुरायचं आणि मी ते निवांत वापरायची. बांना वांगं दिसलं होतं, पीठ कुणालाच दिसलं नाही. मलाही नाही.

आता आंब्याकडे वळते, कारण आर्द्राचा नियम नुसत्या पोथीतून कळत नाही, बाजारातून कळतो.

पश्चिम किनाऱ्यावर कलमी आंब्याचं वेड पोर्तुगीजांनी वाढवलं. गोव्यात त्यांच्या पाद्र्यांनी कलमं बांधली, आणि सतराव्या शतकात भारतात राहिलेला इटालियन प्रवासी मनूची गोव्याच्या आंब्यांच्या जाती नावानिशी सांगतो, त्यांतल्या एका नावात आफोन्सो आहे. आपला हापूस तिकडचाच. मुंबईचा स्वतःचाही नामांकित आंबा होता बरं का, माझगावचा. टॉमस मूर नावाच्या आयरिश कवीने १८१७ साली 'लाला रुख' हे काव्य लिहिलं, भारतात कधी पाऊल न टाकता, त्यात माझगावचा आंबा आहे. आज माझगावात आंबा दिसेल तो हातगाडीवर, देवगडहून आलेला. इकडे सौराष्ट्रात गिरच्या आंब्याला १९३४ साली जुनागढच्या नवाबाने केसर हे नाव दिलं. हापूस मार्च-एप्रिलपासून मेअखेर, पायरी त्याच्या सोबतीने, केसर जूनच्या मध्यापर्यंत. सांगलीकडे रायवळ आंबे. वडील गवतात आढी घालायचे आणि मृगाच्या आसपास शेवटची आढी उतरायची. पहिला मोठा पाऊस झाला की आंबा चाखायचा नाही, हे आमच्याकडे जैन-ब्राह्मण-मराठा सगळ्याच घरांत बोललं जायचं. त्याला कुणी व्रत म्हणत नसे.

म्हणजे बघा, २२ जूनला आमच्या भागात झाडावर फारसं उरतच नाही. गुजरात-महाराष्ट्रातल्या आजीला आर्द्राच्या दिवशी आंबा सोडताना जवळजवळ काहीच सोडावं लागत नव्हतं. जाणाऱ्या पाहुण्याला नमस्कार करण्यासारखं ते. खरा त्याग सुरू झाला तो रेल्वे आणि ट्रकने उत्तरेचा आंबा मुंबईत आणल्यावर. दशहरी जूनमध्ये ऐन भरात येतो, लंगडा त्याच्या मागोमाग, आणि चौसा तर जुलै-ऑगस्टमध्ये. लखनौकडच्या माणसाला सांगून बघा २२ जूनला आंबा बंद, तो हसेल. त्याचा मोसम अर्धा राहिलेला असतो. मला तरी हे स्पष्ट दिसतं, हा नियम इथल्या मातीचा, इथल्या पावसाचा आणि इथल्या आंब्याचा आहे. आचार्यांनी सांगितला असेल, पण आधी तो कुठल्यातरी स्वयंपाकघरात चाखला गेला.

क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये बांधून पूर्ण झालं. पुढे सव्वाशे वर्षं मुंबईचा फळांचा घाऊक बाजार तिथेच होता. १९९६ साली घाऊक व्यापार वाशीला गेला. मी लग्नानंतर सासऱ्यांबरोबर दोन-तीनदा क्रॉफर्डला पेटी आणायला गेले आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिथले व्यापारी स्वतःच सांगायचे, "साहेब, आता नको, माल उतरला." वाशी झाल्यावर आणि नंतर घरपोच ॲप आल्यावर 'माल उतरला' सांगणारा माणूसच मधून गेला. आता जुलैतही फोनवर पिवळाधमक फोटो दिसतो.

'जीव पडतात' हे विहीणबाईंचं बोलणं मी आधी श्रद्धेचं म्हणून बाजूला ठेवलं होतं. तेही बाजूला ठेवण्यासारखं नाही असं कळलं. फळमाशी नावाची एक माशी पिकत्या आंब्याच्या सालीखाली अंडी घालते. वरून टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आत आळ्या. दमट हवा आणि पहिले पाऊस तिला मानवतात, म्हणून उशिरा उतरलेल्या आंब्यात ती जास्त. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली होती ती याच माशीपायी. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूही अडकले. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरची बंदी उठली, तीही निर्यातीआधी नीट प्रक्रिया आणि तपासणी होऊ लागल्यावर. अमेरिकेला २००७ पासून आंबा जातो तो किरणोत्साराची मात्रा देऊन, आणि ते पहिलं केंद्र कुठे, तर लासलगावला! कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून उभारलेलं. आमच्या कुळात न बसणाऱ्या कांद्याने आंब्याला परदेशी पाठवलं. असो. ब्रसेल्सच्या साहेबांना जे मे महिन्यात दिसलं, ते विहीणबाईंच्या आजीला जूनमध्ये माहीत होतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आता बाहेरच्या खाण्याचं.

मी मुंबईत आले तेव्हा हॉटेलच्या मेन्यूवर 'जैन' हा शब्द मी पाहिलेला नाही. आम्ही माटुंग्याला रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये जायचो, १९४२ सालचं ते. केळीच्या पानावर जेवण, आणि कशात काय आहे ते वाढप्याला विचारायचं. मग हळूहळू घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीच्या गाड्यांवर 'जैन' पाट्या आल्या. घाटकोपरच्या वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लीत मी पहिल्यांदा जैन पावभाजी खाल्ली, बटाट्याऐवजी कच्चं केळं घातलेली. खरं सांगते, मला ती मूळ भाजीपेक्षा आवडली. आज तर विमानातही जैन थाळीची वेगळी सोय आहे, तिला चार इंग्रजी अक्षरांची खूण आहे, आणि पाकिटांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे. अर्थात हिरव्या ठिपक्याला कांदा कळत नाही.

या सगळ्याचा मला आनंद आहे. आमच्या सासूबाई बाहेर पडताना खाकरे बांधून न्यायच्या, माझी नात हातगाडीवर उभी राहून ऐटीत "भैया, जैन बनाना" म्हणते. पण मैत्रिणींनो, हॉटेलचा 'जैन' नेमका काय शिकला? कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, गाजर नाही. यादी शिकला. यातला बटाटा तर पोर्तुगीजांबरोबर आलेला, नावही त्यांचंच. अनंतकायांच्या जुन्या यादीत 'आलू' आहे, पण तो इथला रानकंद, कारण तेव्हा बटाटा समुद्रापलीकडेच होता. आपल्या आचार्यांनी न पाहिलेली भाजी आज 'जैन' शब्दाचा पहिला अर्थ होऊन बसली आहे. दिवसाचं मात्र हॉटेलला काही देणंघेणं नाही. एका जुलैत आम्ही सगळे एका थाळीच्या हॉटेलात गेलो होतो. वाढप्याने "जैन आमरस" म्हणून वाटी पुढे केली. सूनबाईने हात आडवा धरला. तो बिचारा गोंधळला, "मॅडम, इसमें कांदा-लसूण नहीं है!" हसावं की रडावं! मी विचारल्यावर त्याने सांगून टाकलं की रस डब्यातला, ३.१ किलोचा मोठा डबा येतो, बारा महिने. डब्यातला रस चित्तूर-कृष्णगिरीकडचा असतो बऱ्याचदा, तोतापुरीचा. उकळून बंद केलेला, त्यामुळे किडण्याचा प्रश्न नाही, हेही खरं. सूनबाईच्या माहेरी काहींचं म्हणणं आहे की आर्द्राआधी काढून ठेवलेला चालतो, काहींचं आहे की नाव आंब्याचं म्हणून नाहीच. छुंदा आणि साठं मात्र बिनतक्रार चालतं, उन्हाने आधीच पाणी काढून घेतलेलं असतं.

'कधी'चं हे भान फक्त आपल्यातच आहे असंही नाही. आषाढ शुद्ध नवमीला मराठी घरांत कांदेनवमी करतात, भजी आणि वांग्याचं भरीत पोटभर खाऊन मग चातुर्मासात कांदा-वांगं बंद. सोडण्याआधी मनसोक्त खायचं, ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. कांदा आमच्या घरी आता येत नाही, पण आंब्याची नवमी करायला काय हरकत आहे?

म्हणून आमच्या घरी आता १५ ते २१ जून हा आठवडा असतो. काटेकोर घरांत फाल्गुन चौमासीपासूनच पालेभाज्या, खजूर, काजू बंद झालेले असतात, तेव्हा सूनबाईला कोथिंबीरही नसते. मी पूर्वी म्हणायची, या मुलीच्या ताटात उरतं तरी काय? आता बघते तर ताट भरलेलं. दोडका, पडवळ, तोंडली, गवार, परवर, कोवळी भेंडी, काकडीची कोशिंबीर. वसईकरणी बोरिवलीला भाजी घेऊन बसतात तिथून लेक येताना दुधी आणतो. स्टेशनबाहेर राष्ट्रीय उद्यानाकडच्या बायका करवंदं आणि जांभळं पानांच्या द्रोणात विकतात, ती धुऊन, एकेक उघडून बघून. कैरीचं पन्हं. फजिता, म्हणजे रसाची कढी, ही मी विहीणबाईंकडून शिकले. सालीला आणि कोयीला लागलेला रस पाण्यात कालवून, ताक आणि बेसन लावून उकळतात. ताक आधी वेगळं उकळून घ्यायचं बरं का, नाहीतर द्विदल होतं. कोयी फोडून, वाळवून, भाजून त्यांचा मुखवास. त्या आठवड्यात आंब्याचं काहीही फुकट जात नाही, कारण तारीख समोर दिसत असते.

आणि पिठाची पिशवी बंद केली. घरघंटी घेतली, दर तीन-चार दिवसांनी दळते. सूनबाईने विचारलं, मम्मी, हे कशाला नवीन? मी बोटं मोडून दाखवली, सात, पाच, तीन. तिला ते माहीत नव्हतं. तिने फोनमध्ये लिहून घेतलं.

मी स्वतः २०१९ पासून आर्द्राला थांबते. हे थांबत नाहीत. म्हणतात, मी दिगंबर आहे आणि मधुमेह अजून झालेला नाही. त्यांच्या वाढदिवसाला, २८ जूनला, घरात श्रीखंड असतं, तरी ते फ्रीझर उघडून बघतातच. यंदा मी तो स्वच्छ करत होते तर मागे कोपऱ्यात एक डबा निघाला. माझं अक्षर नव्हतं. चिकटपट्टीवर सूनबाईने लिहिलं होतं, "पप्पा. १९ जून."